बेसची जवारी

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, मी कामासाठी बेळगावला गेलो असताना, रायापूरला माझ्या बहिणीच्या घरी माझ्या बेस गिटारची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तुकडा, बदलली गेली. बदलली ती मिरजेहून येणाऱ्या तंबोऱ्याच्या कारागिरानं. बदलायला त्याला कोणी सांगितलं, याची तीन उत्तरं मिळाली आणि तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत.

वाद्य कसं होतं ते आधी सांगतो. चार तारांची विजेवर चालणारी बेस गिटार. तिची मान नेहमीच्या बेसपेक्षा आखूड आहे. माझी बोटं आखूड असल्यामुळे मला ती जमते, आणि पाठीवर लावून स्कूटर चालवताना रिक्षांच्या टपाला लागत नाही. अंग अर्धं पोकळ आहे. मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजू पोकळ आणि वरच्या फळीला व्हायोलिनसारखी दोन वळणदार भोकं. वायर न जोडता वाजवली तरी एका खोलीपुरता आवाज येतो. हुबळीतून बदली होऊन चाललेल्या एका रेल्वे कर्मचाऱ्याकडून मी ती चाळिशी उलटल्यावर घेतली. देताना त्याची बायको एवढंच म्हणाली, "आतून पोकळ आहे हं, त्यावर काही ठेवू नका."

बेस हे न ऐकू येणारं वाद्य आहे. रविवारी सकाळी उणकलला एका मित्राच्या गॅरेजमध्ये आम्ही चौघं जुनी सिनेमाची गाणी वाजवतो. तो मित्र ड्रम वाजवतो. कुणाची वास्तुशांत असली की बोलावणं येतं. पहिल्या कार्यक्रमाला माझे भावोजी आले होते. ते पोस्टातून निवृत्त झालेत. मी विचारलं, कसं झालं?

"सगळे ऐकू आले, मेव्हणे," ते म्हणाले. "तुम्ही तेवढे हलताना दिसलात."

मी धारवाडला मळमड्डीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. पावसाळ्यात माझ्या खोलीच्या भिंतीला ओल येते. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत बेस बहिणीकडे ठेवायचा असं ठरलं. तिला मी अक्का म्हणतो. रायापूर माझ्या वाटेवरच आहे. हुबळीला वर्तमानपत्राच्या कचेरीत दुपारी डेस्कवर जायच्या आधी तिथं उतरायचं, तास दीड तास वाजवायचं आणि पुढं जायचं.

अक्का धारवाडच्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होती. त्याआधीपासून ती एका गुरुजींकडे गाणं शिकत होती. गुरुजी आता नाहीत. तिची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा तिचा सा. गुरुजींनी तिला दिलेला तंबोरा त्यांनी स्वतः काळी चारला लावून दिला होता, आणि तो दुसऱ्या कशाला लावलेला मी कधी पाहिला नाही.

काही वर्षांपूर्वी तिच्या गळ्याच्या ग्रंथीवर शस्त्रक्रिया झाली. बोलण्यात फरक पडला नाही. भाजीवाल्याशी ती पूर्वीसारखीच भांडते. पण गाणं थांबलं. डॉक्टर म्हणाले होते, आवाज खाली जाऊ शकतो, वेळ द्या. तो किती खाली गेला हे तिनं सांगितलं नाही आणि घरात कुणी विचारलं नाही. दर गुरुवारी ती तंबोरा काळी चारला लावायची, समोर बसायची, तारा छेडायची. गायची नाही. मग गवसणी घालून ठेवून द्यायची.

गुरुजींच्या घरी माघात त्यांची पुण्यतिथी होते. ज्या क्रमानं गुरुजींनी गंडा बांधला त्या क्रमानं शिष्य गातात. अक्का तिसरी. त्या घरचा एक रिवाज आहे: जो शिष्य लागोपाठ तीन पुण्यतिथ्यांना गात नाही त्याचं नाव पुढच्या वर्षापासून पुकारत नाहीत. तो श्रोत्यांत बसतो. रागानं नव्हे. कुणी काही बोलतही नाही. सगळं पाहणारे सगळ्यांत थोरले शिष्य, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते फक्त पुढचं नाव घेतात. अक्का दोन वर्षं दुसऱ्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसली होती. येता माघ तिसरा होता.

ही एवढी पार्श्वभूमी मला ठाऊक होती. पुढच्या घटना ज्या क्रमानं माझ्या समोर आल्या त्या क्रमानं लिहितो, कारण त्यांचा अर्थ लावताना माझा क्रम दर वेळी चुकला आहे.

आषाढात केव्हातरी माझ्या लक्षात आलं की बेसची एकच तार चकचकीत दिसते आहे. सगळ्यांत जाड तार. बाकीच्या तिन्ही काळवंडलेल्या, तिच्यावर मात्र खोबरेल तेलाचा हात फिरल्यासारखा. तार सुरातही होती. दमट हवेत बाकीच्या उतरलेल्या असायच्या, ही नाही.

"अक्का, माझ्या गिटारला कुणी हात लावतं का?"

ती स्वयंपाकघरात होती. "कोण लावणार? आम्हाला काय येतंय त्यातलं?"

"तेल लागलंय."

"मग पुसून घे की. तेलानं काय मरती का ती?"

भावोजींना विचारलं. ते पेपर वाचत होते, माझ्याच कचेरीतून निघणारा. "मी काय वॉचमन आहे?" ते म्हणाले. "पोस्टात होतो तेव्हासुद्धा दुसऱ्याचं पार्सल उघडून बघितलं नाही."

मी वाजवत असलो की अक्का आतून दुरुस्त्या सांगायची. हे नवीन नव्हतं. लहानपणी मी शिट्टी वाजवली तरी ती सांगायची. "वरचा उतरलाय." "घाई कशाला करायलास, गाडी चुकायलीय का?" पण त्या पावसाळ्यात तिनं एक वेगळी गोष्ट सुरू केली. मी एखादं गाणं वाजवत असताना ती म्हणायची, "ते राहू दे. ती जाड तार वाजव नुसती."

"नुसती?"

"नुसती. सावकाश."

मी वाजवायचो. आतून काही ऐकू यायचं नाही. भांड्यांचा आवाजही थांबलेला असायचा. थोड्या वेळानं ती म्हणायची, "हां, पुरे. ऊट झालाय का तुझा?" जेवण झालंय का, असं विचारायला आमच्याकडे कन्नड शब्द सर्रास येतात. मी समजलो, जाड तारेचा आवाज तिला डोकेदुखीवर बरा वाटत असावा. तसं भावोजींना बोलूनही दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पान उलटलं.

नवरात्र बसलं तेव्हा मला बेळगावला पाठवलं. त्या आठवड्यात मिरजेचे कारागीर धारवाडला आले होते. ते वर्षातून दोनदा येतात, एकदा दसऱ्याच्या आधी. खंडेनवमीला वाद्यांची पूजा असते, त्याआधी घरोघरच्या तंबोऱ्यांची जवारी काढून देतात. जवारी म्हणजे तंबोऱ्याचा तो भरलेला, मधमाश्यांसारखा गुंजणारा आवाज. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि चपटी असते. तार तिच्यावर टेकत टेकत जाते आणि गुंजते. घोडीचा पृष्ठभाग घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून तो आवाज उघडावा लागतो. याला जवारी काढणं म्हणतात. काही महिन्यांत घोडीवर तारेच्या खाचा पडतात आणि आवाज बंद होतो, मग पुन्हा काढायची.

बेसमध्ये हाच आवाज दोष मानतात. तार कुठंही खरखरली की माणसं वाद्य दुरुस्तीला नेतात. त्यामुळे बेसची घोडी धातूची, तार एका अरुंद कडेवर टेकेल अशी केलेली असते.

कारागीर रायापूरला आले, व्हरांड्यात बसले, अक्काचा तंबोरा केला. बाजूला माझा बेस होता. त्यांनी बेसची धातूची घोडी काढली, तिच्या जागी हाडाची रुंद घोडी घासून बसवली, प्रत्येक तारेखाली सुताचा धागा घातला आणि जवारी काढून ठेवली. तारांचे सूरही बदलले. एक पंचम, दोन सा आणि जाड तारेला खालचा सा. तंबोऱ्याला असतात तसे. जुनी घोडी स्क्रूसकट पेढ्याच्या खोक्यात घालून ठेवली होती.

मी परत आलो तो खंडेनवमीचा दिवस होता. देवघरासमोर चौरंगावर तंबोरा, पेटी, भावोजींची दाढीची पेटी आणि बेस ओळीनं ठेवलेले. बेसला दोन भोकांच्या मधोमध हळदकुंकू लावलेलं. आदल्या वर्षी अक्कानं विचारलं होतं, "हिला पूजेत ठेवायचं असतं का रे?" आणि मलाही सांगता आलं नव्हतं. या वर्षी तिनं विचारलं नाही. पूजेतली वाद्यं दुसऱ्या दिवसापर्यंत वाजवायची नसतात, म्हणून घोडी बदललेली मला दिसली तरी आवाज ऐकता आला नाही.

दसऱ्याला सकाळी उचलून वाजवला. चारही तारा गुंजल्या. अर्ध्या पोकळ अंगामुळे तो आवाज आत फिरून भोकांतून बाहेर येत होता आणि माझ्या बरगड्यांना लागत होता. मानेवर बोट दाबलं की मात्र सूर चुकत होता. जसजसं वर जावं तसतसा जास्त. नव्या घोडीची जागा मानेच्या हिशेबानं धरलेली नव्हती. थोडक्यात, मोकळ्या तारा सोडल्या तर हा बेस आता बेस म्हणून वाजत नव्हता.

"हे कुणी केलं?"

"मिरजेचे आले होते," अक्का म्हणाली.

"ते कळलं. त्यांना सांगितलं कुणी?"

"मी कशाला सांगू? मी आत चहा टाकत होते. त्यांना मुकी दिसली, त्यांनी केली."

भावोजी म्हणाले, "मी सांगितलं असं धरा. घरात कुणावर तरी घालायचंच असतं ना?"

मी कारागिरांना फोन लावला. ते तोवर मिरजेला पोचले होते. त्यांना माझ्या सुरातली नाराजी कळली नसावी, कारण ते आनंदात होते.

"कशी बोलते आता? एवढी जाड तार, आणि अगदी मुकी होती साहेब. कुणी बंद करून ठेवली होती?"

"ती तशीच असते."

"तशी कशी असेल? तार आहे म्हटल्यावर बोलायला नको?"

"आणि सूर कुणी सांगितले? पांढरी तीनला का लावली?"

"बाईंनी दिला की सूर. तोंडानं दिला. मी पेटीवर ताडून बघितलं, पांढरी तीन. तेच धरलं."

हे मी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचं वय झालंय. तुझी जाड तार आधीपासून तिथंच होती की नाही? तीच धरली असेल त्यांनी."

हे खरं होतं. बेसची सगळ्यांत जाड तार मुळातच त्या सुराला असते. पेटीच्या भाषेत ती पांढरी तीन. म्हणजे कारागिरानं तारेवरून सूर घेतला असेल तरी तो पांढरी तीन येतो, आणि अक्कानं तोंडानं दिला असेल तरी तोच. दोन बातमीदारांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्यात आणि दोन्हींचा पुरावा एकच निघावा, अशी वेळ डेस्कवर क्वचित येते. आली तर आम्ही दोन्ही बाजू छापतो.

पुढच्या रविवारी बेस तसाच उणकलला नेला. ड्रमवाल्या मित्रानं दोन ठोके ऐकून काठ्या खाली ठेवल्या.

"हा बेस आहे का गांधीलमाशीचं पोळं?"

"जवारी काढलीय."

"कशाला?"

"माहीत नाही."

"कुणी?"

"तेही नक्की नाही."

"तुझाच आहे ना हा? मग तुला विचारून करत नाहीत का तुमच्या घरात काही?" तो म्हणाला. "वास्तुशांतीला हे वाजवलंस तर घरात नाग निघाला म्हणून लोक बाहेर पळतील. जुनी घोडी लाव गप."

मी रायापूरला स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. अक्का म्हणाली, "आज नको, गुरुवार आहे." त्यानंतर गेलो तेव्हा अमावास्या होती. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "आज हे झोपलेत, ठोकाठोकी नको." स्क्रू फिरवायला ठोकाठोकी लागत नाही, असं मी सांगितलं. "तरी पण," ती म्हणाली. पाऊस संपून दोन महिने झाले होते. मळमड्डीतली भिंत वाळली होती. बेस परत न्यायला काही हरकत उरली नव्हती, पण तो मी नेला नाही. का नेला नाही, याचं कारण मला त्या वेळी सांगता आलं नसतं. उणकलला मी मित्राच्या पुतण्याचा साधा बेस मागून वाजवू लागलो.

मार्गशीर्षात एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर रायापूरला पोचलो. स्कूटर उताराला बंद करून आलो होतो, त्यामुळे आवाज झाला नाही. खिडकी उघडी होती. आत बेसच्या मोकळ्या तारा वाजत होत्या, पंचम, सा, सा आणि खालचा सा, आणि त्यांच्यावर एक आवाज होता. मला तो आधी भावोजींचा वाटला. मग आलाप सुरू झाला आणि भावोजींना आलाप येत नाहीत. आवाज जाड होता, मधेच फाटत होता, मग तीच जागा पुन्हा घेत होता, पहिल्यापेक्षा सावकाश.

माझ्या मोबाइलमध्ये तारा जुळवण्यासाठी सूर दाखवणारं एक ॲप आहे. मी ते उघडून खिडकीजवळ धरलं. ती सा-वर थांबली तेव्हा काटा पांढरी तीनवर होता. काळी चारपासून चार पट्ट्या खाली. स्त्रियांचं गाणं सहसा तिथं नसतं. पुरुषांच्या पट्टीच्या ते जवळ येतं. मी फाटकाची कडी काढली, ती वाजली, आणि आतलं सगळं बंद झालं.

आत गेलो तेव्हा अक्का गव्हाचे खडे काढत होती. बेस कोपऱ्यात उभा होता. त्याच्या तारा अजून किंचित थरथरत होत्या.

"तू याच्यावर गातेस का?" मी सरळ विचारलं.

"गिटारवर कोण गातं रे?"

"तंबोरा का नाही घेत? उतरव पांढरी तीनला. नाहीतर पुरुषी तंबोरा आणू."

तिनं ताट बाजूला ठेवलं. "तो तंबोरा काळी चारचा आहे," ती म्हणाली. "गुरुजींनी लावलाय."

"पण तू..."

"चहा ठेवू का कॉफी?"

यातून मला काय समजायला हवं होतं ते मी बरेच दिवस शोधत होतो. पांढरी तीनला ती गाते, हे खरं. तंबोरा पांढरी तीनला लावणार नाही, हेही खरं. बेसवर गायलेलं गाणं तिच्या हिशेबात गाणं होतं की नव्हतं? नसेल तर मग माघात काय करायचं? भावोजींना मी पुन्हा गाठलं.

"ती पुण्यतिथीला गाणार आहे का?"

"तुम्ही विचारा."

"मी विचारलं तर कॉफी ठेवती."

"मला दोन वर्षं कॉफीच मिळायलीय, मेव्हणे," भावोजी म्हणाले.

पुण्यतिथीच्या सकाळी अक्काचा फोन आला. गुरुजींचं घर मळमड्डीतच आहे, माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे.

"गिटार ह्यांच्याबरोबर रिक्षातून पाठवलीय. घेऊन ये तिकडं. तो डबा नको." डबा म्हणजे माझा ॲम्प्लिफायर.

"मी काय करायचं तिथं?"

"मागं बसायचं."

"कुणाच्या मागं?"

"आधी ये तर."

बेस घेऊन गेलो. समोरच्या खोल्यांची दारं काढून दिवाणखाना मोठा केला होता. गुरुजींच्या फोटोला हार, समोर मंच, मंचावर तंबोऱ्यांच्या दोन जोड्या. एक बायकांची, एक पुरुषांची. तंबोऱ्यांवर गुरुजींच्या नातवंडांच्या पिढीतल्या दोन मुली होत्या. दाराशी अण्णा उभे होते. त्यांनी बेसची पिशवी बोटानं दाबून पाहिली.

"इदेनु?" हे काय?

"बेस गिटार, अण्णा."

"करंटचं?"

"करंट लावलेला नाही."

"हां. करंट नको. गुरुजींसमोर पंखेसुद्धा बंद करतो आपण." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "तू तंगीचा भाऊ ना?" अक्काला ते तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. "बस मागं."

प्रत्येक शिष्य मंचावर बसला की अण्णा मोठ्यानं त्याची पट्टी विचारतात. तो सांगतो, अण्णा ती सभेला पुन्हा सांगतात, तंबोरे त्या सुराला मिळवतात, सभा तेवढा वेळ थांबते. गुरुजी असताना घरच्या बैठकीत ते विचारायचे, आता अण्णा विचारतात. पहिले बसले ते काळी एक म्हणाले. दुसऱ्या बाई पांढरी पाच. मग अण्णांनी अक्काचं नाव घेतलं.

ती उठली. मंचावर चढताना तिनं मला खुणेनं मागे बोलावलं. मी पिशवीतून बेस काढला आणि दोन तंबोऱ्यांच्या मधे बसलो. सभेतले काही जण मान उंचावून पाहत होते. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "सतार असेल," आणि शेजारी म्हणाले, "भोपळा कुठाय?"

"तंगी, पट्टी?" अण्णांनी विचारलं. "काळी चार, अल्ला?" म्हणजे, काळी चारच ना?

तंबोऱ्यावरच्या मुलींनी उत्तराची वाट पाहिली नाही. अक्काची पट्टी त्या घरात सगळ्यांना पाठ होती. त्यांनी बायकांची जोडी पुढं ओढली आणि खुंट्या पिळायला सुरुवात केली. अक्का हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. ती फोटोकडे पाहत होती. पंखे बंद होते. खुंट्यांची कुरकुर ऐकू येत होती आणि तार काळी चारकडे चढत होती.

"तंगी?" अण्णा पुन्हा म्हणाले.

मागे न वळता अक्का मला म्हणाली, "दे रे."

मला कळलं नाही. "काय?"

"सा."

मी जाड तार वाजवली. वायर नव्हती, ॲम्प्लिफायर नव्हता. त्या पोकळ अंगातून आणि हाडाच्या घोडीवरून जेवढा आवाज निघाला तेवढाच. मागच्या रांगांपर्यंत तो पोचला नसावा. अण्णांनी कानामागे हात धरला.

"इन्नोम्मे." आणखी एकदा.

मी आणखी एकदा वाजवली. खुंट्या पिळणं थांबलं. उजवीकडची मुलगी अण्णांकडे पाहू लागली.

"ह्याची पट्टी कुठली रे?" अण्णांनी मला विचारलं. अक्काला नाही.

"पांढरी तीन, अण्णा."

"पांढरी तीन," अण्णा सभेला ऐकू जाईल असं म्हणाले. त्यांच्या आवाजात मला काही वेगळं ऐकू आलं नाही. पहिल्या दोन वेळी पट्टी जशी सांगितली तशीच सांगितली.

"उतरवायची का ही?" मुलीनं बायकांच्या जोडीवर हात ठेवून विचारलं.

अण्णांनी क्षणभर विचार केला. "नको, ढिली पडेल. पुरुषांची घ्या. ती चढेल." मग सभेकडे वळून म्हणाले, "वेळ लागेल. कुणाला चहा हवा असेल त्यांनी घेऊन या."

कुणी उठलं नाही. बायकांची जोडी मागे गेली, पुरुषांची पुढं आली. मुली खुंट्या वर पिळत होत्या आणि दर वेळी माझ्याकडे पाहत होत्या. मी जाड तार वाजवत होतो. एकदा अण्णा म्हणाले, "आणखी थोडी," ते मुलींना म्हणाले की मला, ते कळलं नाही म्हणून मी जरा जोरात वाजवली. तंबोरे मिळाले. चारही मोकळ्या तारा मी त्यांच्यात मिसळल्या. आता थांबायचं की चालू ठेवायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अक्कानं तळहात जमिनीकडे करून हलवला. मी थांबलो. तिनं पुन्हा तसाच हलवला. मी सुरू केलं, हळू. मग तिनं हात मांडीवर ठेवला.

तिनं तोडी गायली. सुरुवातीला खालच्या सप्तकात बराच वेळ राहिली. मधे एका जागी आवाज फाटला. तिनं ती जागा सोडून दिली नाही, दोनदा परत घेतली. मंचावर माझी जागा तिच्या पाठीमागे होती, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. समोर भावोजी बसले होते. ते मंचाकडे न पाहता बाजूच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

गाणं संपल्यावर अक्कानं गुरुजींच्या फोटोला नमस्कार केला, खाली उतरली आणि शिष्यांच्या रांगेत तिसऱ्या जागेवर जाऊन बसली. अण्णांनी चौथं नाव पुकारलं आणि पट्टी विचारली. पुरुषांची जोडी काळी एकला उतरवण्यात आली.